मालवणी खानावळ काढावी की नाही? गाळा बघायच्या आधीचा हिशेब

'वहिनी, तुमच्या हाताला चव आहे, खानावळ काढा,' हे ज्यांनी दहा जणांकडून ऐकलंय आणि आता येता-जाता 'गाळा भाड्याने देणे आहे'च्या पाट्या वाचायला लागलेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पुण्यात सिंहगड रस्त्याला आमची चोवीस खुर्च्यांची मालवणी खानावळ आहे. २०२१ साली सुरू केली. स्वयंपाकघर सासूबाईंचं, त्या देवगड तालुक्यातल्या. गल्ला आणि खरेदी माझ्याकडे. 'आम्हीपण काढू का?' असं विचारायला अधूनमधून कोणी ना कोणी येतं. त्यांना मी आधी एकच विचारते : श्रावणातल्या मंगळवारी तुमच्याकडे कोण जेवायला येणार आहे?

रविवारचं मी विचारतच नाही. चव बरी असेल तर रविवार भरतो. खानावळ तरते किंवा बुडते ती बाकीच्या दिवसांवर, आणि तो हिशेब घरबसल्या करता येतो, एक रुपयाही न घालता.

आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा

वर्षभराचं कॅलेंडर आणि लाल पेन घेऊन बसा. ज्या दिवशी तुमच्या भागातली निम्मी माणसं मासे-मटण खात नाहीत त्या दिवसांवर फुली मारा. सगळा श्रावण. गणपती बसल्यापासून निदान गौरी जाईपर्यंत. नवरात्राचे नऊ दिवस. मार्गशीर्षातले गुरुवार. एकादशी, संकष्टी, महाशिवरात्र. शिवाय दर आठवड्याला सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. कोणाच्या घरात मंगळवारही पाळतात. माशांचा धंदा उरतो तो बुधवार, शुक्रवार आणि रविवारवर.

अधिक महिना विसरू नका. २०२३ साली अधिक श्रावण आला होता. १८ जुलैला सुरू झालेला श्रावण १५ सप्टेंबरपर्यंत चालला, आणि पाठोपाठ गणपती. अधिकात सगळेच पाळत नाहीत, पण आमच्या गल्ल्याला दोन्ही महिने सारखेच गेले. ते आम्ही आधी पाहिलं नव्हतं, आणि त्या दोन महिन्यांचं भाडं मोडलेल्या मुदत ठेवीतून गेलं.

आता दुसऱ्या रंगाने मासळीचं कॅलेंडर त्याच पानावर चढवा. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते, ती निदान जुलैअखेरपर्यंत. त्या काळात जे मिळतं ते बर्फातलं, बाहेरच्या राज्यातलं किंवा खाडीचं, आणि भाव चढे. म्हणजे जूनमध्ये गिऱ्हाईक आहे पण मासळी नाही, आणि ऑगस्टमध्ये मासळी यायला लागते तेव्हा गिऱ्हाईक श्रावण पाळतंय. कोकणी जेवण विकणाऱ्याने हे अडीच-तीन महिने गृहीतच धरायचे.

तुमचं जेवण वऱ्हाडी, खानदेशी किंवा कोल्हापुरी असलं तरी हे करा, फुल्यांच्या जागा बदलतील इतकंच. शेव-भाजी, कळण्याची भाकरी आणि भरीत विकणाऱ्याला श्रावण बाधत नाही, पण भरताची चांगली वांगी हिवाळ्यातली, आणि तीच चव मे महिन्यात मागणाऱ्याला काय द्यायचं हे त्याला ठरवावं लागतं.

आठवडा मोजा, रविवार नाही

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. पद्धत मात्र हीच ठेवा.

महिन्याचा ठरलेला खर्च, एकही ताट गेलं नाही तरी होणारा : भाडं ४५ हजार. आचारी, हाताखालचा एक, वाढायला दोघं आणि भांडीवाल्या मावशी मिळून ८१ हजार. वीज-पाणी १४ हजार. कर्जाचा हप्ता २० हजार. दुरुस्ती, हिशेबनीस, किरकोळ १० हजार. आणि घरच्या माणसाचा पगार ३० हजार. हा शेवटचा आकडा बहुतेक जण लिहीत नाहीत, 'आपलंच आहे' म्हणून सोडून देतात. पण तुमच्या सासूबाई किंवा आई दिवसाचे दहा तास चुलीपुढे उभ्या राहणार असतील आणि त्यांचा पगार धरला नाही, तर होणारा नफा हा नफा नसून त्यांची मजुरी असते. एकूण झाले २ लाख.

आता एका ताटामागे, कर वगळून, सरासरी २६० रुपये येतात असं धरा. त्यातले १०० सामानाला, २० गॅस, नासाडी आणि पार्सलच्या डब्यांना. उरले १४०. दोन लाखांना १४०ने भागलं की १,४२९ ताटं. एवढी गेली की खर्च भागतो, हातात काही उरत नाही.

आता आठवडा मांडा. सोमवारी बंद. मंगळवारी ३५ ताटं, बुधवारी ६५, गुरुवारी २५, शुक्रवारी ६५, शनिवारी ४५, आणि रविवारी ११०, म्हणजे दाराबाहेर रांग. बेरीज ३४५. वर्षाच्या बावन्न आठवड्यांवरून महिना काढला तर १,४९५ ताटं. खर्च भागवून उरली ६६, म्हणजे महिन्याला ९,२४० रुपये. रविवारी दाराबाहेरची रांग बघून शेजारचा दुकानदार म्हणेल, 'तुमचं काय, जोरात आहे.'

पुढे श्रावण. शाकाहारी ताट ठेवलं, काळ्या वाटाण्याची उसळ-वडे ठेवले, आणि दिवसाला सरासरी २० ताटं गेली, तर सव्वीस दिवसांत ५२०. त्यातून आले ७२,८००. खर्च दोन लाखच. खड्डा १ लाख २७ हजारांचा. उरलेल्या अकरा महिन्यांचे नऊ-नऊ हजार जमवले तरी १ लाख २ हजारच होतात. वर्षभर रविवारी रांग लागूनही खानावळ २५ हजारांनी तोट्यात, आणि यात नवरात्र अजून धरलेलं नाही.

हा कागद आम्ही आधी केला असता तर खुर्च्या वाढवायचा विचार न करता मंगळवार-गुरुवारचा विचार केला असता. मुंबईच्या गिरणगावात बायकांनी चालवलेल्या खानावळी कशा चालायच्या ते आठवा. गिरणीतला कामगार महिन्याचे पैसे ठरवून जेवायचा. जेवण रोजचं, माणूस रोजचा. त्या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तिथे धंद्याचा कणा होता ठरलेला मेंबर. चांगल्या रविवारवर कोणी विसंबून नव्हतं. आम्ही दुसऱ्या वर्षी जवळच्या दोन ऑफिसांतल्या आणि एका हॉस्टेलमधल्या मिळून ३० जणांना महिन्याचा दुपारचा डबा सुरू केला, मंगळवार ते शनिवार, साधं ताट, आठवड्यातून दोनदा मासे. एका डब्यामागे आम्हाला ५० रुपयेच सुटतात. पण ते श्रावणातही सुटतात, आणि सकाळी बाजारात जाताना किती माणसांचं घ्यायचं ते माहीत असतं.

सुरमईची तुकडी तराजूवर ठेवा

ताटाचा खर्च मनाने काढू नका. तीन किलोची सुरमई ९०० रुपये किलोने आणली, २,७०० रुपये. शंभर ग्रॅमची तुकडी, म्हणून नव्वद रुपयांना पडली असं वाटतं. आता ती विळीवर घ्या. डोकं, शेपूट, पोटातली घाण गेली की तराजू साधारण २ किलो १०० ग्रॅम दाखवतो. त्यातली शेपटाकडची तुकडी लहान निघते, ती गिऱ्हाइकाला देता येत नाही. हातात वीस तुकड्या. एक पडली १३५ रुपयांना. डोकं कालवणात जातं हे खरं, पण कालवणाचे वेगळे पैसे कोणी देत नाही.

कोळंबी सोलून धुतली की वजन जवळपास निम्म्यावर येतं. तिसऱ्यांमध्ये तर आपण शिंपलेच विकत घेत असतो. नारळाचंही मोजा : एका नारळात सोलकढीच्या चार-पाच वाट्या होतात, आणि दुपारी केलेली सोलकढी रात्री देता येत नाही, म्हणून ती दोनदा करायची.

आता एक बारकावा, जो मला फार उशिरा कळला. सुरमईच्या ताटाला सामान १९५ रुपयांचं लागतं आणि ते ४२० ला विकलं जातं. बांगड्याच्या ताटाला सामान ११० चं, विक्री २६०. टक्क्यांत बांगडा बरा दिसतो, पण रुपयांत सुरमई २२५ देते आणि बांगडा १५०. मग सगळी सुरमईच का ठेवू नये? कारण रात्री उरलेली एक तुकडी म्हणजे १३५ रुपये, आणि उरलेला बांगडा ५० रुपये. मंगळवारी सुरमई कमी, रविवारी जास्त. रोज एकच फळा लिहून चालणार नाही. आमच्याकडे छापील मेनू कार्ड नाही, काळा फळा आहे, आणि तो सकाळी मासळी आल्यावर लिहिला जातो. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात त्या दिवशी काय आलं, कुठलं आलं, यावर तो ठरतो.

नासाडीची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. रोज रात्री उरलेलं वजन करून लिहा. आमच्या वहीत पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त काय वाया गेलं? भात. सासूबाईंना भात कमी पडण्याची भीती. आता दोन कुकर लागोपाठ लावतो, एकदम मोठं पातेलं नाही.

चव एका हातात अडकली आहे का ते बघा

या पायरीवर मी कोणालाही सूट देत नाही. जेवण घरच्या एकाच माणसाच्या हातचं असेल तर त्या माणसाला ताप आल्याच्या दिवशी खानावळ बंद. म्हणून गाळा बघायच्या आधी हे करा.

त्यांना रोजच्यासारखा स्वयंपाक करू द्या, आणि त्या पातेल्यात काही घालायच्या आत ते तुम्ही तराजूवर ठेवा. आम्ही हे स्वयंपाकघराच्या ओट्यावर केलं. सासूबाई म्हणाल्या, 'मूठभर खोबरं.' मी वाटी पुढे केली. पहिल्या दिवशी ३८ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी ५२, तिसऱ्या दिवशी ४५. कालवणाची चव मात्र तिन्ही दिवस एकच. मग लक्षात आलं की खोबरं जास्त पडलं त्या दिवशी त्या आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, दोन चमचे जास्त घालत होत्या, न सांगता, न मोजता. त्या चव घेऊन सावरत होत्या. मजुरीवरचा आचारी असं सावरणार नाही. त्याला मापच लागतं.

तेव्हा वाटप (वाटलेलं खोबरं-मसाला), मालवणी मसाला, आगळ, माशाच्या कालवणात घालायची तिरफळं, सगळं ग्रॅममध्ये लिहा. तिरफळं किती दाणे आणि कधी घालायची, तीही. मग तो कागद घेऊन घरातल्या नसलेल्या एखाद्या माणसाने, मूळ करणाऱ्याने तोंडातून शब्द न काढता, पंचवीस जणांचं बांगड्याचं तिकलं, म्हणजे तिखट कालवण, करायचं. दोन्ही पातेल्यांतली वाटी अनोळखी चार-पाच जणांना द्या. त्यांना फरक कळला आणि कागदाची वाटी आवडली नाही, तर तुम्ही अजून तयार नाही. आम्हाला सहा वेळा करावं लागलं. मसाला मात्र आजही सासूबाई उन्हाळ्यात स्वतः उभं राहून डंकावर कुटून घेतात, वर्षाचा एकदम. मसाला एक असला की बाकीचं पुष्कळ सांभाळलं जातं.

वड्यांचं वेगळं सांगते, कारण कोंबडी-वडे प्रत्येकाच्या फळ्यावर असतात. वडे तळणारा माणूस तिथून हलू शकत नाही. रविवारी दीड वाजता आठ टेबलांनी एकदम वडे मागितले तर एक माणूस आणि एक शेगडी त्यातच गेली. आम्ही वडे फक्त बुधवारी आणि रविवारी ठेवतो, बाकी दिवस भाकरी आणि घावणे. गिऱ्हाईक कुरकुरतं, मग वार लक्षात ठेवून येतं.

बारा आठवडे घरून विका

गाळा घेण्याआधी बारा आठवडे घरून ऑर्डर घ्या. घरून विकायलाही अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते, आधी करा. आठवड्यातले दोन दिवस ठेवा, रविवार आणि एक साधा वार. भाव खानावळीत लावणार तोच लावा. नातेवाइकांना आणि सोसायटीतल्या मैत्रिणींना मोजू नका; त्यांची ऑर्डर घ्या, पण वहीत वेगळ्या पानावर लिहा.

शेवटी एकच आकडा बघायचा : पहिल्या चार आठवड्यांत आलेल्या अनोळखी माणसांपैकी किती जणांनी पुढच्या आठ आठवड्यांत, तुम्ही मेसेज न करता, स्वतःहून परत मागवलं? तिघांतला एक परत आला तर पुढे जायला आधार आहे असं मी मानते. दहातला एक आला तर चवीत, भावात किंवा प्रमाणात काहीतरी चुकतंय. ते गाळा घेऊन सुधारणार नाही.

भीमथडी जत्रेत किंवा कोकण महोत्सवात स्टॉल लावून दोनशे ताटं विकली म्हणून निर्णय घेऊ नका. तिथे माणूस खायलाच आलेला असतो, आणि तो परत येतो की नाही ते कळत नाही.

याच काळात ॲपवरच्या विक्रीचाही हिशेब करून बघा. कमिशन आणि सवलत मिळून पाव हिस्सा गेला तर २६० चे १९५ झाले. त्यातून १२० चा खर्च आणि नीट पॅकिंगचे वरचे १५ काढले की ६० उरतात. खानावळीत बसून जेवणाऱ्याच्या ताटामागे १४० मिळत होते. रिकाम्या वेळेत हे ६० चालतात. रविवारी एक वाजता, टेबलं भरलेली असताना, आम्ही ॲप बंद ठेवतो.

गाळा : धूर कुठून जाणार ते आधी विचारा

रस्ता, पार्किंग, वर्दळ हे सगळे बघतात. एखाद्या मंगळवारी दुपारी बारा ते तीन आणि रात्री साडेसात ते साडेदहा गाळ्यासमोर उभे राहा आणि जेवायच्या बेताने जाणारी माणसं मोजा. शेजारच्या खानावळीत किती ताटं लागतात तेही. हे एकदा नाही, तीनदा करा.

पण मासे तळणाऱ्याने आधी वर बघायचं. वर राहती घरं आहेत का? धुराचा पाइप गच्चीपर्यंत नेता येईल का, आणि सोसायटी ते लेखी देईल का? आमच्या घरमालकांनी 'काही अडचण येणार नाही' असं तोंडी सांगितलं. आम्ही धूर बाहेर फेकणारा पंखा पहिल्या मजल्याच्या खालीच बसवला. दोन महिन्यांत वरच्यांनी तक्रार केली, आणि त्यांची चूक नव्हती. त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना बांगड्याचा वास येत होता. पाइप चौथ्या मजल्यावरच्या गच्चीपर्यंत न्यावा लागला, १ लाख १० हजार गेले आणि अकरा दिवस चूल बंद राहिली. सोसायटीचं पत्र हातात येईपर्यंत अनामत देऊ नका.

पाणी विचारा, मासे धुवायला पाणी भरपूर लागतं. सांडपाण्याच्या नळीला पुरेसा उतार आहे का बघा, आणि तेल अडवणारा सापळा बसवायला जागा ठेवा. जागेचा तिसरा हिस्सा स्वयंपाकघराला हवाच.

करार ११ महिन्यांचा करू नका. एवढा खर्च करून अकराव्या महिन्यात मालकाच्या मनावर राहायचं नाही. तीन किंवा पाच वर्षांचा, नोंदणी केलेला करार करा, भाडेवाढ किती ती त्यात लिहा, आणि तुम्हाला मध्येच सोडता येईल असं कलम घाला. बरेच जण मालकाने काढू नये एवढंच बघतात. आपल्याला बाहेर पडता यावं, हे तितकंच महत्त्वाचं.

कागदपत्रं

यात फार अडत नाही, फक्त वेळ लागतो. अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा परवाना (चौदा आकडी क्रमांक दर्शनी लावावा लागतो), महापालिकेचा आरोग्य परवाना, अग्निशमनचा ना हरकत, दुकान कायद्याखाली नोंदणी किंवा सूचना. गॅस १९ किलोचा व्यावसायिकच; घरचा लाल सिलिंडर खानावळीत वापरणं गुन्हा आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी, आणि वरच्या उदाहरणातली खानावळ सहज पुढे जाते. जीएसटीची कंपोझिशन योजना (लहान धंद्यांसाठीची सोपी पद्धत) घेतली तर ५ टक्के आपल्या खिशातून, गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही. साध्या पद्धतीत बिलावर ५ टक्के लावता येतात, पण खरेदीवरच्या कराची वजावट नाही. कुठलं बरं, ते हिशेबनीसाला तुमचे आकडे दाखवून ठरवा.

होय की नाही

गाळा, भांडी, धुराचा पाइप, फर्निचर आणि अनामत यांचा जो आकडा निघेल, त्याच्या शेजारी चार महिन्यांचा ठरलेला खर्च वेगळा लिहा. वरच्या उदाहरणात तो ८ लाख. हे पैसे हाताशी नसतील तर गाळा घेऊ नका, कर्ज मंजूर झालं असलं तरी. मुद्रा कर्ज तारण न ठेवता मिळतं, पण हप्ता श्रावणातही येतो.

पैसे आहेत, कागदावरून दुसऱ्याने केलेलं कालवण पास झालंय, तिघांतला एक परत येतोय आणि मंगळवारी जेवणारी माणसं तुम्हाला नावानिशी माहीत आहेत, तर काढा. चवीचं जमलंय पण मंगळवारचं नाही, तर घरून डबे आणि रविवारच्या ऑर्डर चालू ठेवा. आमच्या ओळखीच्या एक बाई वर्षानुवर्षं तेवढंच करतात आणि त्यांच्यावर कोणाचं कर्ज नाही. चवीचं माप जमलं नसेल तर मसाला विका. घरच्या माणसाला हे मनापासून नको असेल तर तिथेच थांबा, त्या घरात खानावळ चालत नाही.

आणि काढायचीच ठरली तर करार श्रावणात करा. तेव्हा गाळ्याचं काम काढा, मालकाकडून त्या महिन्याचं भाडं सोडवून घ्या, आणि नवरात्र संपल्यावर उघडा. २०२१ ला दसरा शुक्रवारी होता, शनिवारी एकादशी. रविवार आम्ही मुद्दाम सोडला, म्हणजे पहिल्याच दिवशी गर्दीत हात थरथरू नयेत. १९ ऑक्टोबरला, मंगळवारी, शटर वर केलं. आमंत्रण कोणालाच दिलं नव्हतं. त्या दिवशी बावीस ताटं गेली, आणि रात्री वहीत पहिली ओळ लिहिली : भात उरला, सव्वा दोन किलो.